चेहऱ्यानं ओळखीचे

“हे गृहस्थ तुमचे कोण?”

“कोणी नाही,” थोरली म्हणाली.

पालिकेच्या बेवारस विभागातल्या बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. थोरलीनं नजर हलवली नाही. शेजारी उभा असलेला धाकटा भाऊ मात्र स्वतःच्या चपला आजच पहिल्यांदा दिसल्यासारखा त्यांच्याकडे बघत होता.

“मग आलात कशाला?”

“आमच्या गल्लीतले होते. चेहऱ्यानं ओळखायचो. गाद्या शिवायचे.”

“नाव?”

“सगळे गादीवालेच म्हणायचे.”

त्यांना ‘बाबा’ म्हणणारी दोनच माणसं जगात होती आणि ती दोघंही बाईंच्या टेबलासमोर उभी होती.

गादी पोचवून परतताना बाबा बाजारात कोसळले. लोकांनी इस्पितळात नेलं, पण ते शुद्धीवर आलेच नाहीत. भावंडं शोधत शोधत पोचली, तोवर त्यांना शवागारात हलवलं होतं. अंत्यविधीवाल्यानं पेटी, गाडी, जागा असा हिशेब सांगितला, तेव्हा धाकट्याला वाटलं हा घराचीच किंमत सांगतोय. दुकान आधीच गहाण होतं. उसने मागायला जावं असं एकही दार उरलं नव्हतं.

शवागारातल्या माणसानंच मग हळूच सांगितलं, “ताई, नातं सांगितलंत तर खर्च तुमचा. नाही सांगितलंत तर पालिका स्वतःच्या खर्चानं पुरून टाकते.”

धाकटा भडकला. “बापाला बेवारस करायचं?”

“कागदावर,” थोरली म्हणाली. “खड्ड्याशी आपण असणारच. मेल्या माणसावरही हे लोक दुकान मांडतात ना? मी त्यांचं गिऱ्हाईकच नाही म्हणावं. बसा माश्या मारत.”

पण टेबलामागच्या या बाई सहज सोडतील असं दिसत नव्हतं. त्यांनी शवागारातून आलेला बाबांचा फोटो उचलला, थोरलीच्या तोंडाशेजारी धरला.

“नाक अगदी तुमच्यासारखं आहे.”

“आमच्या गल्लीत बऱ्याच जणांचं आहे.”

धाकट्याला ठसका लागला.

“दफनाला मी स्वतः हजर असते,” बाई म्हणाल्या. “कोणी घरचं निघालं, तर सगळा खर्च वसूल होतो. वर दंड. आणि घरचे लपत नाहीत. रडतात. कळलं?”

“आम्ही कशाला रडू?” थोरली म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

घरी आईला समजावणं त्याहून अवघड गेलं.

“सगळा जन्म त्यांच्याबरोबर काढला,” आई म्हणाली, “आणि आता परकी होऊन उभी राहू?”

“परकी नाही गं. शेजारीण.”

आई उठली. तिनं ट्रंकेतले ठेवणीतले कपडे काढले.

“शेजारणी असं नटून येत नाहीत,” धाकटा म्हणाला.

“मी येते,” आई म्हणाली.

दफनभूमीच्या मागच्या अंगाला बेवारसांचा तुकडा होता. नावं नाहीत, नुसते दगड आणि दगडांवर आकडे. पालिकेची गाडी आली, तेव्हा तिथं उभं राहायला जागा नव्हती. अख्खी गल्ली गादीवाल्यांच्या गाद्यांवर झोपत होती, आणि अख्खी गल्ली आली होती. न्हाव्यानं दुकान बंद ठेवलं होतं. बेकरीवाली हाताला पीठ तसंच घेऊन आली होती.

बाई फाटकातच थबकल्या. “बेवारस माणसाला एवढी गर्दी? तुम्ही कोण त्यांचे?”

“कोणी नाही,” न्हावी म्हणाला.

“मी पण कोणी नाही,” बेकरीवाली म्हणाली.

“आम्ही तर त्याहून नाही,” मागून कोणीतरी म्हणालं.

थोरलीला हसू आवरेना. बऱ्याच दिवसांनी तिची मान ताठ झाली होती.

चार मजुरांनी साध्या फळ्यांची पेटी खाली सोडली. बाई पलीकडच्या काठावर उभ्या राहिल्या आणि एकेकाचं तोंड निरखू लागल्या. धाकट्यानं ओठ आत ओढून घेतला. थोरली समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. मातीचं पहिलं फावडं फळ्यांवर आदळलं.

“अहो, थांबा!” आई किंचाळली. “उशी नाही दिली त्यांना! उशीशिवाय झोप येत नाही त्यांना!”

फावडं थांबलं. आई मटकन खाली बसली आणि हमसून हमसून रडू लागली. शेजारणीला हे कुठून ठाऊक, असं विचारायचीही गरज उरली नाही.

बाई खड्ड्याला वळसा घालून सरळ आईकडे निघाल्या. थोरली मध्ये आडवी आली.

“तिला काही विचारायचं नाही. मला विचारा. माझा बाप आहे तो. ही त्याची बायको, हा मुलगा. घ्या लिहून. दंड लावा, दुकानाला कुलूप ठोका, मला आत टाका. पण त्याला पुन्हा ‘कोणी नाही’ म्हणायला लावाल, तर या तोंडून ते निघायचं नाही. एकदा म्हटलं, तेवढं पुरे झालं.”

धाकटा तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. मग न्हावी. मग बेकरीवाली.

बाईंनी चष्मा काढला.

“हळू बोला,” त्या म्हणाल्या. “गाडीचा ड्रायव्हर ऐकेल. तो सगळं वर सांगतो.”

थोरलीला काही कळेना. बाई तिला ओलांडून पुढे गेल्या, आईशेजारी मातीत बसल्या आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

“रडू दे त्यांना,” बाई म्हणाल्या. “मला तेव्हा धीर झाला नव्हता.”

“कधी?” थोरलीनं विचारलं.

बाईंनी भिंतीलगतच्या दगडांकडे हनुवटी उचलली.

“तो तिसरा दगड. माझी आई आहे.”