सुट्टीच्या दिवशीची कढई

तेल महाग केलं सरकारनं, आणि घरात चोर ठरला नवरा. असलं हे राज्य. बाई दुकानाच्या मागच्या दाराशी उभी होती. आज सुट्टी, शटर खाली, तरी धुराड्यातून धूर निघत होता.

त्यांचं दुकान बटाट्याच्या तळलेल्या कापांचं. सासऱ्यांना कढईत कालचं तेल दिसलं, तर ते कढईच उलटी करायचे. त्यावरच दुकानाचं नाव झालं. तेलाचा भाव भडकल्यापासून गिऱ्हाईक निम्म्यावर आलं. डबे मात्र दुप्पट संपत होते. कुठंतरी पाणी मुरत होतं. घरी चमचाभर तेलासाठी ती सुनेचा हात धरायची, आणि इथं डबेच्या डबे गायब. नणंदेकडे जात असणार. परवा नणंद फारच गोड बोलली, ते काय उगाच?

तिनं दार ढकललं. आत नवरा एकटाच. कढई काठोकाठ, जाळ मोठा. तेलात बटाटा नव्हताच. पावाचे करपलेले तुकडे गरगर फिरत होते.

"अहो, हे कोणाला वाढणार? भुतांना?"

तो झारा फिरवत राहिला. "जळकं तेल न्यायला गाडी येते ना, इंधन करायला. सरकारचं अनुदान आहे त्यावर. नव्यापेक्षा जळक्याला भाव जास्त. नवं आणायचं, काळं करायचं, द्यायचं. नुसत्या बटाट्यावर आता भाडंही सुटत नाही."

"आणि मला वाटलं, ताईंकडे..."

"ताईकडे? ती बिचारी आठवडाभर उकडलेलं खातेय."

बाई काही बोलणार, तोच दारात गाडी थांबली. गणवेशातला माणूस आत आला. दाराशी भरून ठेवलेल्या कॅनचं झाकण त्यानं उघडलं. वास घेतला. थोडं तेल काचेच्या नळीत घेऊन उजेडात धरलं आणि मान हलवली.

"मालक, हे नाही चालायचं. अजून खाण्यासारखं आहे. खायचं तेल इंधनाला घ्यायचं नाही, वरून सक्त नियम आहे. आणखी जाळा."

नवऱ्यानं कॅन उचलून पुन्हा कढईकडे नेला. बाईनं शेगडी बंद केली, कढईतला झारा घेतला आणि बाहेर जाऊन गाडीच्या पुढ्यात उभी राहिली.

"खाण्यासारखं आहे ना? मग ते जाळायला लावणारा कोण, त्याचं नाव सांगा. त्याशिवाय गाडी हलणार नाही."