पाहुण्यांची चूल

फोन ठेवला तशा कलाबाई पाहुण्यांच्या खोलीकडे धावल्या. आत पुष्पांजली लायटर हातात घेऊन गॅसपाशी सरकत होती.

"थांबा बाई! गॅस नका पेटवू!"

पुष्पांजली दचकली. "काऊन मावशी?"

"वास येऊन राह्यला," कलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी घाईघाईने रेग्युलेटर बंद केला.

वासबीस काही नव्हता. कलाबाईंच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळ्या लोणारला ठाऊक. आणि आज नेमकं त्यांनाच तोंड शिवून बसायचं होतं.

फोन चुलत दिराचा, दयारामचा होता. विवराच्या काठावर त्याचं चहाचं दुकान. रडक्या आवाजात तो एवढंच म्हणाला, "वैनी, चूल पेटवू नका. केसरबाई भाकरी घेऊन येऊन राह्यली. आम्ही येतोच." पुढे काही विचारायच्या आत फोन बंद.

विचारायचं काय त्यात? ज्या घरचं माणूस जातं, त्या घरात चूल पेटत नाही. शेजारचे भाकरी आणतात. कलाबाईंचा स्वयंपाक सकाळीच उरकला होता. पेटायची उरली होती ती पाहुण्यांचीच चूल.

पुष्पांजलीचा नवरा राजकुमार सकाळी विवरात उतरला होता. अकोल्याचा माणूस, पायात गुळगुळीत बूट. वाट दाखवायला कलाबाईंचे मालक पुंजाजी सोबत गेले होते. पुंजाजींचा जन्म त्या उतारावर गेलेला. तरी निघताना कलाबाईंनी बजावलंच होतं, "पोराले सांभाळजा हो!"

आता या चाकाच्या खुर्चीतल्या पोरीला सांगायचं कसं?

ही दोघं लोणारला आली तीच मुळी या खोलीपायी. पायऱ्यांऐवजी उतार, रुंद दार, खाली खुर्ची शिरेल असा बुटका ओटा. सासूबाईंचे पाय गेले तेव्हा पुंजाजींनी स्वतःच्या हाताने बांधली होती ती. सासूबाईंच्या मागे ती पाहुण्यांना द्यायला लागले. आपल्या हातचं रांधून खाण्यासारखं सुख नाही, हे पुंजाजींचं ठरलेलं वाक्य.

"मावशी, वांगे चिरून झाले. आमच्या यायले भूक लागली असंल. तुमच्या चुलीवर टाकू का भाजी?"

"नको! भाकर येऊन राह्यली शेजारून."

"शेजारून?" पुष्पांजलीचा हात थांबला. ती काही परक्या मुलखातली नव्हती. "भाकर काऊन येऊन राह्यली, मावशी?"

कलाबाई चिरलेल्या वांग्यांवर ताट झाकायला लागल्या.

"मावशी, आमच्या यायले काही झालं का?"

कलाबाईंनी खुर्चीपाशी बसून तिचे दोन्ही हात धरले. हात बर्फासारखे गार पडले होते. कोणाचे जास्त, ते कळत नव्हतं.

"हिंमत धर, पोरी. मी हावो नं."

पुष्पांजलीने हंबरडा फोडला. त्याच वेळी फाटक वाजलं.

अंगणात माणसं आली. पुढे टोपली घेतलेल्या केसरबाई, मागे दयाराम. आणि त्याच्या मागे, मातीने माखलेला, अनवाणी, राजकुमार.

"हे पाह्य! जित्ता हाये तुहा नवरा!" कलाबाई ओरडल्या. जीव भांड्यात पडला तसा त्यांना दयारामचा भयंकर राग आला. "काय बे, असा फोन करतेत का? पोरगी मरून गेली असती भेवानं!"

दयाराम खाली मान घालून उभा राहिला. केसरबाई पाहुण्यांच्या दारावरून तशाच पुढे गेल्या आणि कलाबाईंच्या स्वयंपाकघरात शिरल्या.

राजकुमार खोलीचा उतार चढून आला. बायकोने हात पुढे केले, तरी तो तिच्याकडे गेला नाही. कलाबाईंच्या पायांवर त्याने डोकं ठेवलं.

"मावशी, पाय माहा घसरला होता. पुंजाजीबाबायनं मले वर ढकललं."