पाट्यावरचा विळा

सातव्या दिवशी बाळ पोटभर प्यालं. रंगुबाईने त्याला पायांवर घेऊन न्हाऊ घातलं आणि लेकीला म्हणाली, हे आज्यावर गेलंय, ताटात काही टाकायचं नाव नाही. बाजेवरची मुक्ता हसली. बाजेखाली विस्तव होता, घरभर ओव्याचा वास होता.

आठव्या दिवशी बाळाने तोंडच उघडलं नाही.

मुक्ताने त्याच्या ओठांवर दूध पिळलं, ते गालावरून ओघळलं. दुपारी कुणाच्या तरी हातून तांब्या पडला आणि त्या आवाजासरशी बाळाचं अंग धनुष्यासारखं ताठ झालं. दहाव्या दिवशी ते गेलं.

रंगुबाई गावची सुईण. तीस वर्षं तिने नाळ विळ्यानेच कापली होती, वर गोवरीची राख लावली होती. मग आदल्या वर्षी जामखेडहून एक डॉक्टरीणबाई जीप घेऊन आल्या. पहिल्या पंधरवड्यात दगावणाऱ्या बाळांचा त्या अभ्यास करत होत्या. लोक ज्याला सटवाईचा फेरा म्हणत, त्याला त्या धनुर्वात म्हणत. तो विळ्यातून आणि राखेतून बेंबीत शिरतो, असं सांगत. बारा गावांतल्या सुइणींना त्यांनी दाढीच्या नव्या पत्त्या दिल्या. पत्ती आणि दोरा उकळून घ्यायचा, बेंबीला काहीही लावायचं नाही, प्रत्येक बाळाची खबर द्यायची. सगळ्यांत आधी तयार झाली ती रंगुबाई. गरोदर बायांसाठी इंजेक्शनंही होती, पण मुक्ता माहेरी आली तीच नववा सरता सरता. तिची राहिली.

मुक्ताची नाळ रंगुबाईने पत्तीनेच कापली आणि पत्ती लगेच खड्ड्यात पुरली. विळा राहिला बाळंतिणीच्या उशाशी, नुसता लोखंड म्हणून. तिसऱ्या दिवशी शेजारची छबूबाई चार बायांसोबत बाळ बघायला आली. नाळ कापलेला विळा पाचवीला पाट्यावर मांडायचा, त्याला हळदकुंकू वाहायचं, ही गावची रीत.

"पाचवीला सटवाईपुढं काय मांडनार गं रंगुबाय," तिने विचारलं, "दाढीची पत्ती?"

बाया हसल्या. रंगुबाईही हसली. मुक्ता तेवढी हसली नाही.

बाळ गेल्यावर मात्र त्यावर कुणी हसलं नाही. सटवाई कोपली, असं गाव म्हणालं. पत्त्यांचा डबा रंगुबाईने उतरंडीमागे सारला आणि त्यानंतर एकाही बाळंतपणाला गेली नाही. मुक्ता अजून माहेरीच होती. सासरहून बोलावणं आलं नव्हतं.

चार महिन्यांनी डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या. ते दुष्काळाचं साल होतं, मुक्ता चुलीजवळ रेशनची लाल मिलो ज्वारी निवडत होती. बाईंनी मांडीवर कागद पसरले. बारा गावांत मिळून पत्तीने नाळ कापलेली अडतीस बाळं. सदतीस जगली होती. गेलं ते एकच, आणि तेही सुइणीच्या घरातलं. बेंबीला काय लावलं होतं, हे त्यांनी चौथ्यांदा विचारलं.

"काईच न्हाई," रंगुबाई म्हणाली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. आपण रागवायला आलेलो नाही, पण खरं कळलं नाही तर बाकीच्या गावांना काय सांगायचं, असं त्या हळू आवाजात म्हणाल्या. रंगुबाई आपल्या हातांकडे बघत राहिली.

"तुमी सांगितलं तसंच केलं, बाई. तरी गेलं."

बाईंचा विश्वास बसला नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांनी मुक्ताकडे पाहिलं. आधी तीन वेळा मुक्ताने नुसती मान हलवली होती. आत्ता तिने मान वरच केली नाही. निवडलेलं धान्य ती पुन्हा निवडत होती.

तेवढ्यात छबूबाई धापा टाकत दारात आली. तिच्या सुनेच्या, बनूच्या, कळा वाढल्या होत्या, पाणी गेलं होतं. पलीकडच्या गावाहून सुईण आणायला वेळ नव्हता. रंगुबाईने यावं, पण विळा घेऊन यावं. पत्ती तिला उंबऱ्याच्या आत नको होती. डॉक्टरीणबाई उठून उभ्या राहिल्या, समजावू लागल्या. छबूबाईने त्यांना पुरतं बोलूच दिलं नाही.

"तुमची पत्ती सुइनीच्या नातवाला पावली न्हाई, आमाला काय पावनार?"

रंगुबाईने कुडात खोचलेला विळा ओढून काढला. चुलीपाशी वाकून चिंधीत मूठभर राख बांधली. पहिली गाठ सुटली, तिने पुन्हा मारली. त्या हातांनी अर्धं गाव या जगात आणलं होतं, आणि त्यांनी मारलेली गाठ सुटताना मुक्ता पहिल्यांदाच पाहत होती. भिंतीपलीकडून बनूचं कण्हणं ऐकू आलं. रंगुबाई दाराकडे वळली.

मुक्ताच्या हातातलं सूप खाली पडलं. लाल दाणे घरभर पांगले. तिने दारात जाऊन आईच्या हातातल्या विळ्याची मूठ धरली.

"इळा सोड, आये. पत्ती घे." मूठ तिने सोडली नाही. "पाचवीला मांडायला नाळंचा इळा पायजे, म्हनून तिसऱ्या दिवशी, तू नदीवर गेल्यावर, हाच इळा मी त्याच्या बेंबीला लावला. वर राख बी मीच लावली."