हजेरी

बाबा फौजेतून परतले ते शिस्त बरोबर घेऊनच. रोज सकाळी दोन्ही मुलांची हजेरी व्हायची. दादा ओरडायचा, "एक!" बाबा क्षणभर थांबायचे. मग त्याची धाकटी बहीण ओरडायची, "तीन!" आपण दोघंच, तर तीन कशी, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. हजेरीला उशीर झाला की बाबा दिवसभर जिन्याखालच्या अडगळीत कोंडून ठेवायचे.

बाबा गेल्यावर बहीण घराण्याचा इतिहास लिहायला बसली. दादाच्या आठवणी मोबाईलवर रेकॉर्ड करू लागली.

"बाबा प्रेमळ होते, एवढं लिही," दादा गुरकावला.

"प्रेमळ? अडगळ विसरलास?"

"नसतं उकरून काढू नकोस!"

"बरं, निदान हजेरी तरी दे."

"एक!" दादा खेकसला. जुन्या सवयीने दोघंही थांबली. मग ती म्हणाली, "तीन."

दुपारी तिने दादासमोरच रेकॉर्डिंग लावलं. दादाचा आवाज आला, "एक!" मग ती थांबलेली जागा आली, आणि तिथे धापा टाकत एक कोवळा आवाज म्हणाला, "दोन!"

तिने घाईने रेकॉर्डिंग थांबवलं. दादा मात्र ताडकन उठला.

"आजही उशीर!" तो हुबेहूब बाबांसारखा गरजला, आणि जिन्याखाली जाऊन अडगळीची कडी बाहेरून लावून आला.