नऊ पोरं आणि तीन होकायंत्रं

“टेकडीकडं पाठ कर. आता सांग, उत्तर कुठी?” नाल्याकाठी सरांनी विचारलं.

जानोनं होकायंत्र तळहातावर धरलं, सुई थांबू दिली आणि हात लांब केला. बरोबर. बुधूनं मात्र सरळ सूर्याकडं बोट दाखवलं आणि बाकीची पोरं फिदीफिदी हसली.

पेरमटोल्याची शाळा म्हणजे एक खोली, एक मास्तर, नऊ पोरं. जानेवारीत पत्र आलं होतं. पटसंख्या कमी, सबब शाळा नाल्यापलीकडच्या गावात विलीन करावी, अंतर दोन किलोमीटर. दोन किलोमीटर! ते नकाशावर पट्टी ठेवून. पायी जाणाऱ्याला नाल्याला वळसा घालून साडेपाच पडतात, आणि पावसाळ्यात तर वाटच नसते. म्हणजे पोरं घरी बसणार, गुरं राखणार. जानो चौथीत होती. तिची शाळा चौथीतच संपणार.

प्रफुल सर भद्रावतीचे. आईबापांनी पोटाला चिमटा काढून शिकवलेले. त्यांना आशा वगैरे काही नव्हती. आजूबाजूच्या शाळा एकेक करून मिटल्या, कुणाचा अर्ज कुणी वाचला नव्हता. पण हातावर हात ठेवून बसवेना. शनिवारी दप्तर नसायचं. त्या दिवशी पोरांकडून गावाचा खरा नकाशा करून घ्यायचा, असं त्यांनी ठरवलं आणि चंद्रपूरहून तीन होकायंत्रं घेऊन आले. पोरं दिशा शिकतील, अन् शिक्षण खात्याच्या साहेबाला खरं अंतरही दिसेल.

पलीकडच्या गावापासून पोरं पावलं मोजत निघाली. एक जण मोजायचा, एक दिशा सांगायचा, जानो वहीत लिहायची. नाल्यापर्यंत सगळं झकास जमलं. गोंधळ झाला तो शाळेजवळ.

“सर, सुई तं फिरून राह्यली!”

“कोणाजवळ लोखंड आहे पाहा. लोखंड सुईले ओढते, सांगितलं होतं ना?”

बुधूच्या खांद्यावर कुऱ्हाड होती. इथली पोरं कुऱ्हाडीशिवाय घराबाहेर पडत नाहीत. सरांनी ती लांब ठेवायला लावली, हातपंपापासून सगळ्यांना दूर नेलं. सुई तरी वाकडीच. दुसरं होकायंत्र घेतलं, तिसरं घेतलं. तीच रड.

सर वैतागले. “हलका माल गळ्यात मारला लेकाच्यानं!”

“सर, मी आकडे सरळ करून टाकू काय?” जानोनं हळूच विचारलं. “साहेबाले काय समजते?”

“नाई. दिसलं तेच लिहायचं. सुई चुकते तिथी लाल ठिपका दे.”

टेकडीच्या पायथ्यापासून शाळेच्या अंगणातून थेट मुखरूच्या घरापर्यंत अकरा लाल ठिपके पडले. मुखरू गावाचा भूमिया. त्यानं जमिनीची परवानगी मागितल्याशिवाय गावात कुणी खुंटीसुद्धा ठोकत नाही.

मार्चमध्ये सर नकाशा घेऊन तालुक्याला गेले. साहेबांनी तो उलटसुलट पाहिला.

“हे लाल काय?”

“तिथे सुई चुकते, साहेब. पोरांनी लपवलं नाही.”

साहेब हसले, मोबाइलवर फोटो काढला. “पाठवतो वर. पाहू.”

‘पाहू’ म्हणजे काय, हे सरांना पुरतं ठाऊक होतं. परतीच्या एसटीत त्यांना अगदी रडू आलं. उगाच पोरांना उन्हात फिरवलं, असं वाटलं.

आणि मे महिन्यात नाल्यावर जेसीबी आला!

गावाचा विश्वासच बसेना. चार दिवसांत नाल्यात पाइप पडले, मुरूम पडला, रस्ता झाला. मुखरूनं सरांचे दोन्ही हात धरले. “गुरुजी, तुमच्या पोरायच्या कागदानं रस्ता आणला!”

पाचव्या दिवशी जीप आली. पिवळं हेल्मेट घातलेला एक तरुण इंजिनिअर उतरला. त्याच्या हातात जानोचाच नकाशा होता, मोठा छापलेला, ठिपक्यांसकट. सर पुढं होऊन तो निरखू लागले. म्हणजे कुणीतरी वाचलं होतं. पहिल्यांदाच कुणीतरी वाचलं होतं!

“हा कुणी केला?”

“मी,” जानो म्हणाली. “अन् आमी सगळ्यायनं.”

“शाबास! मग या जागा जमिनीवर दाखवशील?” त्यानं लाल झेंड्यांचा गठ्ठा पुढं केला.

दाखवशील काय! पोरं होकायंत्रं घेऊन धावलीच. जानो ओरडून दिशा सांगत होती, बुधू पावलं मोजत होता, इंजिनिअर मागून टिपून घेत होता. एकही झेंडा चुकला नाही. आता नवी शाळा होणार, म्हणत बाया दारात उभ्या राहून कौतुकानं पाहत होत्या. सरांचे डोळे भरून आले.

शाळेच्या अंगणातल्या झेंड्याशी मुखरू उकिडवा बसला. त्यानं तांदूळ ठेवले, मोहाच्या दारूचे थेंब शिंपडले. पोरांच्या शाळेसाठी जागा दे, म्हणून त्यानं माडिया बोलीत धरतीची विनवणी केली आणि डोकं टेकलं. गावानं हात जोडले. इंजिनिअरनंही हेल्मेट काढून हातात धरलं.

विधी आटोपल्यावर सरांनी डोळे पुसत विचारलं, “नव्या शाळेला खोल्या किती काढणार, साहेब?”

“शाळेला?” इंजिनिअर गोंधळून म्हणाला. “जमिनीत लोखंड आहे म्हणून तर सुई फिरते ना, सर. खाण इथूनच सुरू होईल.”