पक्षीथांबा

तुरीची एक ओळ वाढेल म्हणून सदाशिवरावांनी धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, बोरी, पळस, हिवर सगळं जेसीबीनं मुळासकट उपटायला काढलं.

"अहो, एक बोर तरी राहू द्या, पाखरं राह्यते त्याच्यावर," त्यांची बायको भागीरथा काकुळतीनं म्हणाली.

"पाखराईच्या भरवशावर शेती होते काय?" सदाशिवराव हसले.

त्यांचं पाहून शेजाऱ्यांनीही आपापले धुरे साफ केले. नाल्यापासून टेकडीच्या जंगलापर्यंत सलग गेलेली झाडी तुटली. आधी तितर दिसेनासे झाले, मग नीळकंठ, आणि औंदा तर कोतवालही फिरकला नाही.

औंदाच तुरीच्या शेंगांत अळी शिरली. फवारण्या करून हात भरून आले, पण अळी हटेना. शेवटी कृषी सहायकानं उपाय सांगितला, "काका, वावरात पक्षीथांबे रोवा. पाखरं येऊन बसतील अन् अळ्या वेचून खातील."

सदाशिवरावांनी बांबूंना आडव्या पट्ट्या ठोकून वावरभर थांबे रोवले. मग नवरा-बायको रोज सकाळी रिकाम्या आभाळाकडे पाहत उभे राहू लागले.

एक दिवस सदाशिवराव पोरासारखे ओरडले, "भागीरथे, पाह्य! आलं पाखरू!"

कबुतरासारखा दिसणारा एक होला थांब्यावर येऊन बसला होता. भागीरथानं डोळ्यांवर हात धरून निरखून पाहिलं.



होला अळ्या टिपायला आलाच नव्हता. घरटं बांधायला चोचीत आणलेली काडी तो त्या पट्टीवर ठेवत होता, आणि ती पुन्हापुन्हा घसरून खाली पडत होती.