तिचा स्ट्रट बार

बायको गेल्याचा हॉस्पिटलमधून फोन आला, त्याच दिवशी तिने तिच्या स्पोर्ट्स कारसाठी मागवलेला स्ट्रट बार गॅरेजमध्ये पोचला. पुढच्या दोन शॉकअपना वरून जोडणारा आडवा दांडा, वळणावर गाडी चटकन वळावी म्हणून. "नुसता शो आहे," मी तिला चिडवायचो. "घाटात शेजारी बसा, मग बोला," ती म्हणायची.

पुढे मी गाडी विकायला काढली. गॅरेजचा मेस्त्री म्हणाला, "दादा, वहिनींचा बार बसवलाय. गिऱ्हाईक यायच्या आधी एकदा घाटात फिरवा की!"

करूळ घाटाच्या वळणांवर स्टिअरिंग फिरवताच गाडीचं तोंड वळलं. फरक थोडा होता, पण होता. "जिंकलीस बाई!" मी मोठ्यानं म्हणालो आणि ती गेल्यापासून पहिल्यांदा हसलो.

परतल्यावर मेस्त्रीचे हात धरले. "बरं झालं बसवलास."

गाडी आता विकणार नाही. गिऱ्हाइकाला तसं कळवायचं राहिलंय.